एका वर्षाचे मानकरी

गोमंतकात आणि कोकणात देवाच्या उत्सवातील मान ही काय वस्तू आहे, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पालखीला पहिला खांदा कोणी द्यावयाचा, श्रीफळ प्रथम कोणाच्या हाती पडावयाचे, आरतीच्या वेळी कोणी कोठे उभे राहावयाचे, यावरून घराण्याघराण्यांत दावे चाललेले आहेत आणि प्रकरणे न्यायालयाच्या पायऱ्या चढलेली आहेत. हा मान योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. परंतु तो एकदा मिळाला की पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे. गेल्या चार-साडेचार दशकांत विमानकंपन्यांनी मानाची एक नवीच रीत रूढ केली आहे. तेथे मानकरी नेमले जातात ते एका वर्षापुरते. वर्ष संपले आणि हिशेब कमी भरला, की कालपर्यंत ज्याच्यासाठी वेगळी रांग होती तो आज सर्वांच्या रांगेत उभा राहतो. या रीतीस ‘फ्रिक्वेंट फ्लायर’ योजना, म्हणजे वारंवार विमानाने जाणाऱ्यांसाठी काढलेली योजना, असे म्हणतात. कोणी तिला मैलांची योजना म्हणतो, कोणी गुणांची.

हा विषय श्रीमंतांचा आहे, सामान्य वाचकास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आम्हालाही परवापरवापर्यंत तसेच वाटत होते. कडोलीच्या एका गृहस्थांनी आमचा हा समज दूर केला.

कडोली हे बेळगाव तालुक्यातील गाव. ज्या मुलुखातून घाट उतरून आपल्या पणजी-म्हापशाच्या बाजारात भाजी येते, त्याच मुलुखातले. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरविणारे गाव म्हणून सीमाभागात त्याचे नाव आहे. आमचे हे परिचित गृहस्थ गेली अठरा वर्षे दुबईत वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतात आणि वर्षातून एकदा घरी येतात. पूर्वी ते मुंबईहून जात. २०२३ च्या जानेवारीत मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून कधी मुंबई, कधी गोवा, असा त्यांचा प्रवास चालतो. या खेपेस मोप्याला जाता जाता ते आमच्याकडे डोकावले. बोलता बोलता त्यांनी खिशातून तीन कार्डे काढून मेजावर मांडली आणि विचारले, ‘‘साहेब, ह्यातलं कुठलं उपयोगाचं, ते तेवढं सांगा.’’ तीन कंपन्यांची तीन कार्डे. तिन्हींवर त्यांचे नाव, तिन्हींत थोडे थोडे मैल, आणि अठरा वर्षांत त्यांपैकी एकाही मैलाचा उपयोग झालेला नव्हता.

मागील खेपेची हकिगत त्यांनी सांगितली. सामान तोलताना काटा पाच किलोंनी पुढे गेला. जादा वजनाचा आकार ऐकून त्यांनी तेथेच पेटी उघडली आणि घरचे तांदूळ, कुंद्याचे डबे आणि आईने करून दिलेली चटणी बाहेर काढून पोहोचवावयास आलेल्या भावाच्या हवाली केली. त्याच वेळी शेजारच्या खिडकीशी, जिच्यासमोर लाल गालिचा अंथरलेला होता, एक सद्‌गृहस्थ हातात एवढीशी पेटी घेऊन आले. त्यांना जादा सामानाची सवलत होती. परंतु त्यांच्यापाशी सामानच नव्हते. ‘‘मी त्यांना दोष देत नाही,’’ आमचे पाहुणे म्हणाले, ‘‘पण अठरा वर्षं ह्या विमानांतून जातोय मी. ते माझे कोणी का नव्हेत?’’

हा प्रश्न आम्हास महत्त्वाचा वाटला. त्याचे उत्तर शोधावयाचे तर या योजना कशा निर्माण झाल्या, त्यांत मान कसा मोजला जातो आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या योजनांत भेद काय, हे पाहणे प्राप्त आहे.

निष्ठेचा व्यापार

१९७८ पर्यंत अमेरिकेत विमानाचे भाडे आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षी कायदा होऊन ते बंधन उठविण्यात आले आणि कंपन्यांत भाड्याची चढाओढ सुरू झाली. एकाच मार्गावर तीन कंपन्यांची सारखीच विमाने, सारखेच आसन आणि सारखेच भाडे असेल, तर प्रवाशाने आपल्याकडेच का यावे? या प्रश्नाला १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या ‘ॲडव्हांटेज’ योजनेने उत्तर दिले: जितके मैल उडाल तितके तुमच्या खाती जमा होतील आणि पुरेसे साठले म्हणजे एक प्रवास फुकट. कोण प्रवासी वारंवार येतो हे संगणकाने एव्हाना कळू लागले होते. तीच या योजनेची किल्ली ठरली. आठवडाभरातच युनायटेड कंपनीने आपली योजना जाहीर केली आणि मग कोणीच मागे राहिले नाही.

पुढे या कंपन्यांच्या ध्यानात आले की सर्व ग्राहक सारखे नसतात. वर्षातून एकदा सुट्टीसाठी जाणारा आणि दर आठवड्याला कामासाठी जाणारा यांत दुसरा कितीतरी अधिक मोलाचा. त्याला बांधून ठेवावयाचे तर फुकट तिकीट पुरेसे नाही. त्याला तर प्रवासाचा कंटाळाच आलेला असतो. त्याला हवी असते सोय आणि त्याहूनही अधिक हवा असतो मान. मग श्रेणी निघाल्या: रुपेरी, सोनेरी, प्लॅटिनम. कार्डाचा रंग बदलू लागला आणि रंगाबरोबर रांगही बदलू लागली.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी, कारण बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. अशा प्रत्येक योजनेत दोन वेगवेगळी खाती असतात. एका खात्यातील मैल खर्च करता येतात. त्यांतून तिकीट मिळते किंवा वरच्या वर्गात बसावयास मिळते. दुसऱ्या खात्यातील मैल खर्च करता येत नाहीत. ते केवळ श्रेणी ठरविण्यासाठी मोजले जातात. पहिले खाते धनाचे, दुसरे मानाचे. धनाचे खाते काही वर्षे टिकते. मानाचे खाते मात्र सामान्यतः दर वर्षी शून्यावर येते. देवळातल्या मानकऱ्यास आजोबांचे पुण्य उपयोगी पडे. येथे स्वतःचे गेल्या वर्षीचे पुण्यही उपयोगी पडत नाही.

बारा किलोंचा हिशेब

आता आमच्या पाहुण्यांचाच हिशेब मांडून पाहू. आखाती प्रवासासाठी आपल्याकडे पुष्कळांना परिचित असलेली योजना म्हणून एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्‌स’चे नियम उदाहरणादाखल घेतो. तीत निळी, रुपेरी, सोनेरी आणि प्लॅटिनम अशा चार पायऱ्या आहेत. निळी पायरी नाव नोंदविताच मिळते. रुपेरी पायरीसाठी वर्षभरात श्रेणीचे २५,००० मैल किंवा २५ उड्डाणे, सोनेरीसाठी ५०,००० मैल किंवा ५० उड्डाणे आणि प्लॅटिनमसाठी दीड लाख मैल, असा दंडक चालत आलेला आहे. ज्या मार्गांवर सामान वजनाने मोजले जाते तेथे रुपेरी मानकऱ्यास १२ किलो, सोनेरीस १६ किलो आणि प्लॅटिनमला २० किलो जादा नेण्याची मुभा मिळते. वरच्या पायऱ्यांवर विमानतळावरील लाउंजचे, म्हणजे खाण्यापिण्याची आणि विश्रांतीची सोय असलेल्या दालनाचे, दार उघडते.

मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १२०० मैल. स्वस्त तिकिटावर तेवढेही मैल पदरात पडत नाहीत. पण पूर्ण पडले असे धरले तरी २५,००० मैल होण्यासाठी एकवीस वेळा उडावे लागेल. म्हणजे एका वर्षात दहा-अकरा फेऱ्या! वर्षाला एक फेरी करणाऱ्या कामगाराची अठरा वर्षांत छत्तीस उड्डाणे होतात. ती सगळी एकत्र धरली तर तो रुपेरी पायरीची अट ओलांडून पुढे जातो. पण ती एकत्र धरली जात नाहीत. दर वर्षी दोनच मोजली जातात आणि पुढच्या वर्षी ती पुसली जातात. रुपेरी मानकऱ्याचे हे १२ किलो ज्याला खरोखर हवे आहेत त्याला ते कधीच मिळावयाचे नाहीत, आणि ज्याला मिळतात त्याच्या पेटीत बहुधा दोन सदरे आणि कागदपत्रे असतात. कोणा एका कंपनीच्या दुष्टपणाचा हा परिणाम नव्हे. निष्ठा मोजण्याचे मापच या धंद्यात असे घडविलेले आहे की त्यात वर्षांना किंमत नाही, वर्षातील खेपांना आहे.

इतर योजनांत काय निराळे आहे? कतार एअरवेजच्या ‘प्रिव्हिलेज क्लब’मध्ये मानासाठी मैलांऐवजी ‘क्यूपॉइंट’ मोजतात; रुपेरीसाठी १५०, सोनेरीसाठी ३०० आणि प्लॅटिनमसाठी ६०० अशा पायऱ्या आहेत. वरच्या वर्गाच्या तिकिटावर ते भराभर साठतात, खालच्या वर्गात मुंगीच्या पावलांनी. पण या योजनेला एक जोड आहे. कतार एअरवेज २०१३ पासून ‘वनवर्ल्ड’ या विमानकंपन्यांच्या संघात आहे. त्यामुळे तिचा सोनेरी मानकरी ब्रिटिश एअरवेज, जपान एअरलाइन्स यांसारख्या संघातील इतर कंपन्यांच्या विमानांतही मानकरीच राहतो. एमिरेट्स अशा कोणत्याही संघात नाही. तिचा मान मुख्यतः तिच्याच अंगणात चालतो.

एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या दुसऱ्या मोठ्या संघात आहे. तिच्या योजनेतील सोनेरी व त्यावरील पायरीच्या सभासदास संघाची सोनेरी श्रेणी लाभते. लुफ्तान्सा असो, सिंगापूर एअरलाइन्स असो, त्या सर्वांकडे त्याला वेगळी रांग, लाउंज, आधी बाहेर येणारे सामान आणि वजनाच्या मार्गांवर २० किलो जादा, इतके मिळते. ज्यांची मुले युरोपात किंवा अमेरिकेत आहेत आणि ज्यांना वर्षातून दोन-तीन वेळा लांबचा प्रवास घडतो, त्यांच्यासाठी संघातील योजना अधिक हिताची, हे यावरून दिसेल. देशात सर्वांत मोठी असलेल्या इंडिगोने २००६ मध्ये सेवा सुरू केल्यापासून अठरा वर्षे असला मानपान ठेवलाच नव्हता. स्वस्त आणि वेळेवर, एवढाच तिचा बाणा होता. २०२४ मध्ये तिनेही ‘ब्लूचिप’ या नावाने योजना काढली आणि त्याच वर्षी वरच्या वर्गाची आसनेही सुरू केली. या तिन्ही संघांपैकी एकातही ती नाही, म्हणून तिचे गुण प्रामुख्याने देशांतर्गत प्रवास करणाऱ्याच्याच उपयोगाचे.

आणखी एक बदल ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी अंतर मोजत. आता पैसा मोजतात. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये तिकिटाच्या रकमेवर मैल देण्यास आरंभ केला. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. नाव मैलांचे आणि माप रुपयांचे, असा हा प्रकार आहे. ज्याने महिनोन्‌महिने आधी स्वस्त तिकीट काढले, तो काटकसरी प्रवासी या मापात आणखी मागे पडला.

बुडालेले मैल

आपल्या देशात १९५३ पासून १९९४ पर्यंत नियमित विमानसेवा कायद्याने सरकारी महामंडळांकडेच होती. जेथे निवडच नाही तेथे निष्ठेचा प्रश्न कोठून येणार? १९९३ मध्ये जेट एअरवेजसारख्या खासगी कंपन्या उतरल्या आणि प्रवाशांचा अनुनय सुरू झाला. पुढील तीस वर्षांचा इतिहास मात्र मैल साठविणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे.

किंगफिशर एअरलाइन्सची ‘किंग क्लब’ ही योजना एके काळी मोठ्या तोऱ्यात मिरविली गेली. २०१२ च्या ऑक्टोबरात कंपनीची विमाने जमिनीवर बसली आणि सभासदांचे मैल तेथेच संपले. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली; मात्र तिची ‘जेटप्रिव्हिलेज’ ही योजना वेगळ्या कंपनीच्या स्वाधीन होती, म्हणून मैल वाचले आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ असे नवे नाव घेऊन इतर कंपन्यांची तिकिटे व हॉटेले यांसाठी चालू लागले. धन वाचले, मान मात्र गेला. ज्या विमानात अग्रपूजा व्हावयाची ते विमानच उरले नाही, तर प्लॅटिनमचे कार्ड दाखवावयाचे कोणाला? तिसरा प्रकार विस्ताराचा. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या ‘क्लब विस्तारा’चे सभासद एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. त्या योजनेचे जुने ‘फ्लाइंग रिटर्न्स’ हे नाव जाऊन ‘महाराजा क्लब’ हे नाव आले. एक योजना बुडाली, एक अर्धी तरली आणि एक दुसरीत मिळाली. तिन्ही वेळा सभासदास कोणी विचारले नव्हते.

या नव्या नावावरून एक जुनी आठवण झाली. एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून साकारला. मोठी पगडी, पल्लेदार मिशा आणि कमरेत वाकून केलेला नमस्कार. जाहिरातीतील तो महाराजा समोरच्याचे कार्ड पाहून वाकत नसे. तो सर्वांनाच वाकत असे. आज त्याच्या नावाच्या मंडळात कोणापुढे किती वाकावयाचे याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

हे मैल कंपन्यांच्या दृष्टीने काय आहेत, याचा उलगडा करोनाच्या काळात झाला. विमाने धावपट्टीवर उभी असता युनायटेड कंपनीने २०२० मध्ये आपली मैलांची योजनाच तारण ठेवून ५ अब्ज डॉलर उभारण्याचे ठरविले. २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हांटेज’च्या आधारावर १० अब्ज डॉलर उभारले. विमाने नव्हे, मैल गहाण! याचे कारण हे की कंपन्या आपले मैल बँकांना विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांना वाटतात. छापणारा तोच, भाव ठरविणारा तोच आणि भाव उतरविणाराही तोच, असे हे चलन आहे. काल जे तिकीट वीस हजार मैलांना मिळत होते ते उद्या तीस हजारांना झाले, तर दाद कोणाकडे मागावयाची? पुष्कळ योजनांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले असते की मैल ही सभासदाची मालमत्ता नव्हे. कित्येक ठिकाणी सभासद वारल्यावर मैल वारसाकडे जात नाहीत, किंवा गेलेच तर कंपनीच्या मर्जीने जातात.

मान कोणाच्या पैशाने?

आणखी एका प्रश्नाकडे लक्ष वेधावयास हवे. वर्षातून पंचवीस-पन्नास वेळा उडणाऱ्यांपैकी स्वतःच्या खिशातून तिकीट काढणारे किती? बहुतेकांचे भाडे कंपनी, संस्था किंवा सरकार भरते. मैल मात्र प्रवाशाच्या व्यक्तिगत खात्यात पडतात. दुसऱ्याच्या दक्षिणेवर आपले पुण्य, असा हा व्यवहार आहे. केंद्र शासनाने याबाबत नियम केलेला आहे की सरकारी खर्चाने केलेल्या प्रवासातून मिळालेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत. जर्मनीत २००२ मध्ये लोकप्रतिनिधींनी सरकारी प्रवासाचे मैल खासगी सहलींसाठी वापरल्याचे उघडकीस आले, तेव्हा ग्रेगोर गीझी यांनी बर्लिन राज्याच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मैलांसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी मंत्री पायउतार होतो, याचे आपल्याकडे कोणाला हसू येईल. आम्हाला मात्र त्या देशाचे कौतुक वाटते.

मानाची गंमत अशी की तो फार जणांना मिळाला की त्याचे मोल उतरते. लाउंजचेच पाहा. पूर्वी ते वरच्या वर्गाच्या आणि वरच्या श्रेणीच्या प्रवाशांपुरते होते. पुढे बँकांनी आपल्या कार्डांवर लाउंजचा प्रवेश वाटला आणि आपल्या मोठ्या विमानतळांवर लाउंजच्या दाराशी लांब रांगा लागू लागल्या. रांग चुकविण्यासाठी घेतलेल्या कार्डानेच रांगेत उभे केले! मग बँकांनी अमुक इतका खर्च केला तरच प्रवेश, अशा अटी घातल्या. नळाच्या पाण्यासारखा मान सर्वांना सोडता येत नाही, हे त्यांना उशिरा उमगले.

लहान गावाचा प्रवासी

कडोलीच्या प्रवाशापुढे एक अडचण अशी आहे की जी मुंबईकराला नाही. त्याच्याजवळचा विमानतळ सांबऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या या विमानतळाची नवी इमारत २०१७ मध्ये उघडली. पण २०१८ मध्ये स्पाइसजेटने आपली विमाने हुबळीकडे वळविली, कारण केंद्राच्या ‘उडान’ योजनेत त्या वेळी हुबळी होती, बेळगाव नव्हते. २०१९ मध्ये बेळगावचाही समावेश झाला आणि विमाने परत आली. स्टार एअरसारख्या, पन्नास ते शहात्तर आसनांची विमाने चालविणाऱ्या कंपनीमुळे बेळगाव अनेक शहरांशी जोडले गेले. ही सेवा मोलाची आहे. तथापि मैलांच्या दृष्टीने पाहता, ज्या कंपनीने सांबऱ्याहून जावयाचे ती एक, मुंबईहून पुढे जावयाचे ती दुसरी, आणि मोप्याहून जावयाचे ती तिसरी. एकाचे मैल दुसऱ्यास चालत नाहीत. तीन घागरींत थोडे थोडे पाणी, आणि तहान भागेल इतके एकीतही नाही, अशी त्याची गत होते. आमच्या पाहुण्यांच्या तीन कार्डांचे रहस्य हेच होते. त्यांच्या निष्ठेत उणे नव्हते. त्यांच्या गावाला एकनिष्ठ राहण्याची सोयच नव्हती.

मग अशा प्रवाशाने करावे काय? आम्ही त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो. पहिली गोष्ट, मानाचा नाद सोडावा. ज्याला वर्षातून एक-दोन फेऱ्याच करावयाच्या आहेत त्याने श्रेणीसाठी एक रुपयाही जादा देऊ नये. जेथे भाडे कमी आणि सामानाची मूळ मर्यादा अधिक तेच तिकीट घ्यावे. काही कंपन्यांत सामानाचे जादा वजन प्रवासाआधीच विकत घेतले तर विमानतळावरील आकारापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ही सवलत कोणत्याही श्रेणीवाचून मिळते. दुसरी गोष्ट, धनाचे खाते मात्र सोडू नये. ज्या कंपनीने अधिक वेळा जाणे होते तिचेच एक खाते चालू ठेवावे. घरातील सर्वांचे मैल एकत्र करण्याची सोय काही योजनांत असते. एमिरेट्सच्या योजनेत ती आहे. नवरा-बायको आणि दोन मुले यांचे मैल एकत्र आले तर तीन-चार वर्षांत काही हाती लागण्याचा संभव निर्माण होतो. तिसरी गोष्ट, मुदत पाहावी. काही योजनांत मैल तीन वर्षांनी आपोआप जातात; काहींत मधून मधून व्यवहार केला की जिवंत राहतात. चौथी गोष्ट नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे नाव, आडनाव आणि गावाचे नाव यांची सरमिसळ झालेली असते. खात्यावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः एक नसेल तर मैल जमाच होत नाहीत. म्हणून मैल खात्यात पडेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये. आणि शेवटची गोष्ट, साठलेले मैल फार काळ जपून ठेवू नयेत. सोने ठेवले तर वाढते. मैल ठेवले तर झिजतात.

परंतु एवढ्याने आमच्या पाहुण्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर होत नाही. ते उत्तर कंपन्यांनी आणि शासनाने द्यावयाचे आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२४ च्या सप्टेंबरात तेथील चार मोठ्या विमानकंपन्यांच्या योजनांची चौकशी आरंभिली; मैलांचा भाव सभासदांना न सांगता कसा उतरविला जातो, हा तिचा एक विषय होता. आपल्या नागर विमानन खात्यानेही या विषयात लक्ष घालावे. मैलांचा भाव उतरवावयाचा असेल तर पुरेशी पूर्वसूचना द्यावी, कंपनी बुडाल्यास सभासदांच्या मैलांचे काय होणार हे आधीच लिहून द्यावे आणि सभासद वारल्यास त्याचे मैल वारसास मिळावेत, एवढे तीन नियम केले तरी पुष्कळ होईल. त्यात कोणाचे दिवाळे निघावयाचे नाही.

कंपन्यांना आमचे सांगणे याहून साधे आहे. आखातात काम करणाऱ्या माणसाने गेल्या पन्नास वर्षांत तुमची विमाने भरली. सुट्टीचा हंगाम असो, मंदी असो, तो आला आणि गेला, कारण त्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याला लाउंज नको आहे. लाल गालिचाही नको आहे. ज्याने दहा वर्षे, पंधरा वर्षे एकाच कंपनीच्या विमानाने ये-जा केली त्याच्यासाठी वर्षे मोजणारी एक पायरी ठेवा आणि त्या पायरीवर दुसरे काही न देता फक्त दहा किलो सामान द्या. निष्ठा हा शब्द तुम्ही रोज वापरता. तो शब्द ज्याला शोभतो त्याला एकदा तरी त्याचा लाभ होऊ द्या.

आमचे पाहुणे निघाले तेव्हा त्यांची पेटी आम्ही घरच्या काट्यावर तोलून पाहिली. मर्यादेहून दीड किलो जास्त भरली. त्यांनी पेटी उघडली, क्षणभर विचार केला आणि स्वतःचे दोन सदरे काढून आमच्यापाशी ठेवले. ‘‘पुढच्या खेपेस नेईन,’’ ते म्हणाले. आईने दिलेली चटणी या वेळी पेटीतच राहिली.